पांदणीच्या आतला भाव

दसरा होऊन गेला होता आणि परतीचा पाऊस जायचं नाव घेत नव्हता. सोयाबीन सोंगून वावरात गंज्या लागल्या होत्या, गंज्यांवर ताडपत्र्या आणि ताडपत्र्यांवर गोटे. स्टँडवरच्या चहाच्या टपरीत मळणीयंत्रवाला बसला होता. बाजूच्या तालुक्यातला माणूस, दर हंगामाला येतो. त्याच्याभोवती आमच्या गावचे आठ-दहा कास्तकार. डांबरी रस्त्याला लागून असलेल्या वावरांतल्या मळणीचा भाव त्यानं आधी सांगितला. त्यावर नेहमीची घासाघीस झाली, डिझेल निघालं, मागच्या वर्षी त्यानं दाणा कसा फोडला ते निघालं, शेवटी पोत्यामागं दहा रुपये तुटले आणि चहा आला. मग तो बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "आन् पांदणीच्या आत पन्नास वर. यंत्र फसलं तं काढणार कोन?" पांदण म्हणजे आतल्या वावरांकडे जाणारी गावची मातीची वाट. यावर कुणीच काही बोललं नाही. दहा रुपयांसाठी ज्यांनी पाव तास त्याचा जीव खाल्ला, तेच लोक पन्नास रुपयांपाशी गप्प. एकानं मान हलवली, एकानं कपाच्या तळाचा चहा बाहेर भिरकावला आणि बोलणं पामतेलाच्या आयात शुल्काकडे वळलं.

आयात शुल्कावर आमच्या टपरीचा अभ्यास चांगला आहे, हे मी थट्टेनं म्हणत नाही. बारावी झालेली पोरं मोबाइलवर शिकागोचा सोयाबीनचा भाव पाहतात. २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं आणि त्याच ऑगस्टमध्ये सरकारनं बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, हे तिथं सगळ्यांना तोंडपाठ आहे. कापसावरचं अकरा टक्के शुल्क २०२५ च्या ऑगस्टमध्ये काढलं, तेव्हा आमच्याकडे अजून पात्या-फुलं लागत होती, पण बोंड फुटायच्या आधीच यंदाचा भाव गेला असं टपरीनं जाहीर करून टाकलं होतं. हे सगळं खरं आहे, आणि ते इतक्या नेमकेपणानं बोलणारी माणसं पाहिली की मला अभिमानही वाटतो. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत ते पन्नास रुपये माझ्या डोक्यातून गेले नाहीत. बाहेरगावच्या एका माणसानं आमच्या एका गोष्टीचा भाव काढला होता, तो भर टपरीत सांगितला होता, आणि आम्ही तो न तोडता मान्य केला होता.

ज्यांचं वावर आहे त्यांना पांदण काय असते हे सांगायला नको. तरी आमची सांगतो. मे महिन्यात तिथून जीपसुद्धा जाते, फुफाटा उडवत. मृग लागला की आठ दिवसांत तिची काळी माती पाणी पिऊन फुगते. आधी कडेला कोवळा तरोटा येतो, बाया त्याची भाजी खुडून नेतात, तोवर पांदण चांगलीच वाटते. मग आषाढात बंडीच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात आणि त्यांत पाणी साचून शेवाळ धरतं. निंदायला जाणाऱ्या बाया चपला हातात घेऊन, लुगडं पोटरीपर्यंत खोचून, दोन्ही बाजूंच्या बोरी-बाभळींना धरत जातात. बैलाचा पाय त्या गाऱ्यातून निघताना जो आवाज होतो तो एकदा ऐकला की विसरत नाही; आधी ओढ, मग एकदम सुटका, आणि पुढच्याच पावलाला पुन्हा तेच. खताचं पोतं पन्नास किलोचं. पांदणीच्या तोंडापर्यंत ते ट्रॅक्टरनं येतं. तिथून पुढे ते घमेल्यांत वाटून डोक्यावर जातं, आणि ज्या रोजानं निंदण व्हायचं तो अर्धा रोज त्यात जातो. पोळ्याच्या सुमारास गर्द वाढलेल्या गाजरगवतातून वाट अशी दिसतच नाही, ती पायाला कळते.

गावनकाशात ही पांदण तेहतीस फूट रुंद आहे. तेहतीस फूट म्हणजे जुन्या मोजणीची एक साखळी, आणि साखळीला साखळी गुणली की एक गुंठा. आमची पांदण दोनेक किलोमीटर लांब, म्हणजे नकाशाप्रमाणे जवळपास पाच एकर जमीन नुसता रस्ता आहे. आज प्रत्यक्षात दहा फूट उरली असेल. बाकीचे साडेतीन एकर दोन्ही बाजूंच्या तीसेक खातेदारांच्या धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, दर वखरणीला एक-एक तास, म्हणजे एक-एक ओळ, पुढे सरकत पोटात घेतले. त्यात आमचाही धुरा आला. माणशी साडेचार-पाच गुंठे पडतात. पाच गुंठ्यांत सोयाबीन फार तर पाऊण क्विंटल होईल, आणि त्यातून बी, खत, फवारणी वजा करायची. त्यासाठी असा खातेदार आपल्या पाच एकरांच्या तीस पोत्यांवर मळणीचे दीड हजार रुपये जास्तीचे देतो. आठ दिवस गंजी वावरात अडकली की दाण्यात ओल धरते. हमीभावाच्या खरेदीला ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो, तो पंधरा-सोळा निघाला की माल व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो आणि तो सांगेल तो भाव. वावर मोकळं व्हायला उशीर झाला की हरभऱ्याची ओल उडते. हा हिशेब सातवीतलं पोरगं पाटीवर मांडून दाखवील.

हिशेब सगळ्यांना येतो.

म्हणून मला 'लोक अडाणी आहेत' किंवा 'आपल्या लोकांना एकी कळत नाही' असली उत्तरं पटत नाहीत. ती शहरातून आलेल्या पाहुण्याची उत्तरं आहेत, आणि हल्ली गावातून शहरात जाऊन परत आलेल्या पोरांचीही. पांदण मोकळी करायची म्हणजे काय करायचं, ते नीट डोळ्यांपुढे आणून पाहावं. एका संध्याकाळी चपला घालून चुलत्याच्या दारात जायचं. तो खाटेवर बसलेला असेल, "ये बाबू" म्हणेल. काकू पाण्याचा तांब्या आणून ठेवील. तिच्या पोरीच्या लग्नात आपण पंगतीत वाढलेलं असतं, आणि आपल्या आजीच्या तेरवीची भांडी त्यांच्याच घरून आलेली असतात. ते पाणी पिऊन झालं की म्हणायचं, काकाजी, तुमचा धुरा सहा फूट आत घ्या. हे वाक्य मी मनातल्या मनात निरनिराळ्या पद्धतीनं म्हणून पाहिलेलं आहे. कसंही म्हटलं तरी त्यातून "तुम्ही चोरी केली" एवढंच ऐकू येतं. आणि समोरून उत्तर काय येईल तेही ठाऊक असतं: "आधी त्यायले सांग नं, मंग मी घेतो." त्यायले म्हणजे पलीकडच्या धुऱ्यावाल्याला. तिथं गेलं की तो अलीकडे बोट दाखवतो. पाऊस पडला नाही तर आपण सगळे मिळून आकाशाकडे पाहतो, त्यात कुणाच्या दारात जावं लागत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच शिवारात आहे, त्याला मात्र नाव असतं, आडनाव असतं, आणि बहुतेक वेळा ते आपलंच आडनाव असतं.

पांदणीच्या पार शेवटाला एका काकूचं अडीच एकर वावर आहे. नवरा गेल्यावर तिनं दोन वर्षं कसं तरी वाहिलं. तिसऱ्या वर्षी ट्रॅक्टरवाला आत यायला नाही म्हणाला, बंडी-बैल विकलेले, मजूर बाया म्हणाल्या येवढ्या गाऱ्यात आमी नाही येत. तिनं वावर मक्त्यानं, म्हणजे ठरावीक खंडानं, दिलं. कुणाला, तर पांदणीच्या तोंडाशी ज्यांचं वावर आहे, त्यांना. रस्त्याकाठच्या जमिनीला जो मक्ता मिळतो त्याच्या अर्ध्यात, कारण रस्ता नाही. त्यांच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर आहे, तो जानेवारीत, पांदण वाळल्यावर आरामात जातो. खरिपाला एक पीक कमी-जास्त झालं तरी त्यांचं भागतं. पांदण झाली तर काकूचा मक्ता दुप्पट होईल. ही गोष्ट काकूला कळते, त्यांना कळते, आणि त्या दोघांमध्ये त्यावर कधी अवाक्षर निघालेलं नाही.

आता त्यांना खलनायक करून मोकळं होता आलं असतं तर लेख इथंच संपला असता. पण काकूच्या नवऱ्याला वावरात सापानं दंश केला तेव्हा अर्ध्या रात्री याच माणसानं त्याला पाठीवर घेऊन पांदण तुडवली होती. तो वाचला नाही, पण ते गाऱ्यातून धावणं काकू अजून सांगते, आणि सांगताना त्यांना 'भाऊजी' म्हणते. मी एकदा तिला आडून विचारलं, मक्ता वाढवून का मागत नाहीस? ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "मांगून का करतं? भांडन कराले मानूस लागते घरात." मग जरा वेळानं, "आन् तो तसा मानूस नाही." या दोन वाक्यांपैकी कोणतं खरं, असं मला विचाराल तर दोन्ही. त्या पांदणीत तिची अर्धी मिळकत रुतलेली आहे आणि तिचं त्या माणसाशी असलेलं नातंही तिथंच रुतलेलं आहे. एक उपसायला गेलं तर दुसरं तुटेल ही भीती तिला आहे, आणि ती भीती मूर्खपणाची आहे असं छातीठोकपणे म्हणायची माझी हिंमत नाही.

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फलक आहे, रंग उडालेला. २००७ मध्ये, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, तंटामुक्त गाव मोहीम निघाली आणि पुढे आमचं गाव तंटामुक्त म्हणून जाहीर झालं. मोहीम वाईट नव्हती. पोलीस ठाण्यापर्यंत गेलेली कितीतरी किरकोळ भांडणं तिनं पारावर मिटवली, दोन घरं तर मी स्वतः पाहिली आहेत जी त्यामुळे पुन्हा एकमेकांकडे जेवायला लागली. पण पांदणीचा तंटा त्या यादीत कधी आलाच नाही, कारण तो कधी कुणी मांडलाच नाही. मांडला असता तर आकडा बिघडला असता. तेव्हाच्या समितीतले एक जण मला कौतुकानं सांगायचे, "आपल्या गावात जमिनीचा एक वाद नाही." ज्या फलकाखाली उभे राहून ते हे सांगायचे, तिथून पांदणीचं तोंड दिसतं.

बाबांकडे शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला होता. शरद जोशींच्या सभेला ते ट्रकमध्ये उभे राहून जायचे, घसा बसवून यायचे, आणि मग आठवडाभर आमच्या ओसरीवर उणे सबसिडी, कापूस एकाधिकार, देशातला भाव आणि जगातला भाव असं चालायचं. मी तिथंच अर्थशास्त्र शिकलो, कॉलेजात त्याची नुसती उजळणी झाली. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आजही ऐकली तर अंगावर काटा येतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'शेतकऱ्यांनी आधी स्वतःकडे पाहावं' असा उपदेश करणाऱ्यांत मला बसायचं नाही. चिलगव्हाण आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात आहे. तिथले शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला बायको-लेकरांसह जीवन संपवलं, ते पांदण नव्हती म्हणून नव्हे. २००८ च्या कर्जमाफीला पाच एकरांची अट लागली आणि आमच्याकडचा दहा एकरांचा कोरडवाहू माणूस, ज्याचं उत्पन्न दोन एकर बागायतीइतकंही नाही, सरसकट माफीतून बाहेर पडला. २०१७ ला दीड लाखाची मर्यादा, २०१९ ला दोन लाखांची. प्रत्येक वेळी अटींचे कागद गोळा करण्यात एक पीक गेलं. हे प्रश्न आमचे नाहीत असं कोण म्हणेल?

तरी एक गोष्ट मला बाबांच्या हयातीत विचारता आली नाही. त्या ट्रकमध्ये आमच्या पांदणीचे दोन्ही बाजूंचे धुरेवाले खांद्याला खांदा लावून उभे असायचे. घोषणा एका सुरात द्यायचे. ट्रक परत आला की रात्री आपापल्या घरी, आणि सकाळी त्याच गाऱ्यातून वावरात. दिल्लीशी भांडायला माणूस वर तोंड करतो, त्यात त्याची मान ताठ राहते. शेजाऱ्याशी बोलायला बाजूला पाहावं लागतं. मला वाटतं मोठ्या प्रश्नांवर आमचं जे एकमत आहे, त्यातला काही भाग, सगळा नव्हे, यातून आलेला आहे की तिथं आमच्यापैकी कुणीच कुणाचं देणं लागत नाही.

पांदणीत निदान नकाशा तरी आहे. फरदडीत तोही नाही. ज्यांनी कापूस पिकवला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डिसेंबर सरता सरता मुख्य वेचण्या संपतात, तेव्हा पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून टाकायची असते. पण शेतात ओल असेल, एखादं पाणी देता आलं, तर तीच पऱ्हाटी पुन्हा पात्या धरते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत एक-दोन क्विंटल आणखी देते. ती फरदड. नव्यानं पेरायचं नाही, बी नाही, खर्च नाही. आणि याच फरदडीवर गुलाबी बोंडअळी उन्हाळा गाठते. जानेवारीतलं एखादं बोंड सोलून पाहिलं आहे का? बाहेरून हिरवं, धडधाकट, छिद्रसुद्धा सापडत नाही. नखानं पाकळी उचकटली की आत रुई पिवळी पडलेली, सरकीचे दोन दाणे एकमेकांना चिकटवलेले, आणि त्या दोन दाण्यांच्या मध्ये ती, फिक्या गुलाबी रंगाची, अंग चोरून झोपलेली. खाणं-पिणं बंद करून ती असेच महिने काढते. सरकीत, वाळक्या बोंडात, आणि उपटलेल्या पऱ्हाटीच्या त्या ढिगात, जो आमच्या प्रत्येक घराच्या मागं चुलीसाठी रचलेला असतो. जूनमध्ये पतंग बाहेर पडतो. तेव्हा जर आसपास पात्या-फुलं नसतील, तर अंडी घालायला जागा न मिळून तो मरतो. बस, एवढंच. तिला मारायचं औषध शोधायचं नाही, सगळ्यांनी मिळून काही महिने तिचं जेवण बंद करायचं. नागपूरची कापूस संशोधन संस्था हे वर्षानुवर्षं सांगते आहे, कृषी सहायक पंचायतीच्या भोंग्यावर सांगून जातो.

२०१७ ला ही अळी आमच्याकडे अशी आली की वेचणीच्या बाया वावरातून परत गेल्या. किलोवर वेचणी असते. कवडी कापूस बोंडातून निघतच नाही, दिवसभरात रोज पडत नाही, त्या तरी काय करतील. फुलं पाहावीत तर डोमकळ्या, पाकळ्या आवळून बसलेल्या. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेनं आपल्या कापूसपट्ट्यातून हीच अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. बोंडअळीला तोंड देणारं बीटी बियाणं त्यांच्याकडेही होतं. त्याशिवाय त्यांनी वांझ केलेले पतंग सोडले आणि ठरल्या तारखेआत पऱ्हाटी जमिनीत गाडायची हा नियम पाळला. त्यांची शेतं मोठी, त्यांचे कास्तकार मोजके, सरकार पाठीशी. तुलना करू नये हे मला कळतं. पण प्रश्न सुटणारा आहे हे तर त्यातून दिसलंच. मग गेल्या जानेवारीत आमच्या गावात काय झालं? बहुतेकांनी पऱ्हाटी उपटली. सात-आठ जणांनी ठेवली. त्यातल्या एकाला मी ओळखतो, त्याच्या पोरीची नर्सिंगची फी फेब्रुवारीत भरायची होती. दोन क्विंटल फरदडीत ती बसत होती. मी त्याच्या वावरातून आलो, पऱ्हाटी पाहिली, त्याच्याशी बोललो. बोललो ते पोरीच्या फीबद्दल, होस्टेलबद्दल, तिला तिथलं जेवण आवडतं का याबद्दल. अळीचा विषय निघाला नाही. सोयाबीनवाल्यांनी टपरीत पन्नास रुपयांवर जी मान हलवली, त्या मानेचा अर्थ मला ते वावर आठवून जास्त नीट कळला.

सातबाऱ्याचं तर बोलूच नये. आमच्या शिवारात असे कितीतरी सातबारे आहेत ज्यांच्यावर गेलेल्या आजोबांचं नाव अजून चाललेलं आहे. वहिती वेगळी, चुली वेगळ्या, नाव एकच. पीककर्जाला बँकेत गेलं की सगळ्या वारसांच्या सह्या मागतात, त्यातला एक पुण्याला, एक बहीण नागपूरला, मग जाऊ दे म्हणून माणूस व्याजानं पैसे काढतो. नोंद करायला तलाठी आहे, वाटणीला कायदा आहे, खर्चही फारसा नाही. पण नोंद करायची म्हणजे बहिणीला विचारायचं, आणि बहिणीला विचारलं आणि ती 'हो, मला पाहिजे' म्हणाली तर? रक्षाबंधनाला ती येते, पाट मांडला जातो, ओवाळणी होते आणि त्या पाटाखाली ते साडेसहा एकर गपचूप पडून असतात. बहिणीही विचारत नाहीत. माहेर तुटेल म्हणून त्या विचारत नाहीत. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकच भीती, आणि व्याज मात्र एका बाजूचं चालू.

विदर्भात सगळीकडे असंच आहे असंही नाही. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा सगळ्यांना माहीत आहे ते वनहक्कांमुळे, २००९ ला मिळालेल्या अठराशे हेक्टर जंगलामुळे, बांबूमुळे. मला त्याहून त्यांच्या ग्रामसभेची रीत विचारात पाडते. तिथं बहुमत चालत नाही, निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकानं नाही म्हटलं तर विषय थांबतो, त्याचं ऐकून घेतात, पुन्हा बसतात, महिना लागो नाहीतर वर्ष. आमच्याकडे हे सांगितलं की लोक म्हणतात, मंग तं झालंच काम. पण मला वाटतं तिथं खुबी उलटी आहे. 'नाही' म्हणायची सोय आहे म्हणून माणूस उघड बोलतो. आमच्याकडे ग्रामसभेत सगळे हो म्हणतात आणि वखर धरला की एक तास पुढे जातात. मेंढ्याच्या लोकांनी पुढे ग्रामदानाचाही, म्हणजे जमिनी गावाच्या नावे करण्याचाही, निर्णय घेतला. आमच्या गावात त्यातलं काही होईल असा माझा भ्रम नाही. आमच्याकडे जातींची उतरंड आहे, जमिनी विकत घेतलेल्या आणि गमावलेल्या आहेत, आणि कुणी कुणाची कशी घेतली ते सगळ्यांना पाठ आहे. पण पांदणीसाठी ग्रामदान लागत नाही. तहसीलदाराला अडथळा काढायचा अधिकार १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यानं आहे, आणि शेत-पांदण रस्त्यांच्या मातोश्री योजनेतून रोजगार हमीत खडीकरणाला पैशांची सोयही २०२१ मध्ये झाली होती. फक्त जागा मोकळी करून द्यायची ती आम्हीच.

यंदाच्या ऑगस्टच्या ग्रामसभेत चार पोरांनी विषय काढला. वक्तृत्व वगैरे काही नाही. एकानं मोबाइलवर गावनकाशाचा फोटो मोठा करून सरपंचापुढे धरला आणि म्हणाला, "हे तेहतीस फूट हाये. आमच्या बापाचे आठ फूट आत हायेत. लिहून घ्या." त्याचा बाप मागच्या रांगेत बसला होता. मला वाटलं आता उठून जाईल. तो उठला नाही, त्यानं टोपी काढली, झटकली आणि परत घातली. जरा वेळानं दुसऱ्या पोरानं आपल्या घरचे फूट सांगितले. मग एक म्हातारे म्हणाले, फूट अंदाजानं कायले सांगता, मोजणी करा. मोजणीला विरोध कुणालाच करता येईना, कारण मोजणी कुणाच्या विरोधात नसते. तोंडाशी ज्यांचं वावर आहे ते शेवटपर्यंत गप्प बसले आणि ठरावावर त्यांनी सही केली. काकू आली नव्हती. महिला ग्रामसभा आदल्या दिवशी झाली म्हणे, तिला सांगायला कुणी गेलं नाही.

आता वाद आहे तो मोजणी कोणत्या टोकाकडून सुरू करायची याचा. आतल्या वावरांवाले म्हणतात तोंडाकडून, तोंडाकडचे म्हणतात आतून, कारण नकाशावरचा पक्का दगड आत नाल्याजवळ आहे. दगड खरंच तिथं आहे, मी पाहून आलो. त्याच्यावर कुणीतरी शेंदूर लावला आहे, त्यामुळे तो हलणार नाही एवढं नक्की. अर्ज गेला आहे आणि तारीख दिवाळीनंतरची मागितली आहे. तोवर धुऱ्यापर्यंत हरभरा पेरून झालेला असेल. पेरलेल्या हरभऱ्यातून मोजणीवाले कसे फिरणार आणि तुडवलेल्या तासांची भरपाई कोण देणार, हे एकानं आताच विचारून ठेवलं आहे. विचारणारा त्या चार पोरांपैकीच एकाचा काका आहे.